जमान, मकान, इख्वान: मोकळ्या मैदानावरच्या कव्वालीच्या कामाची वही

२८ सप्टेंबर

जागा पाहिली. जुनी बाग, मधोमध गवताचं मैदान. तीन बाजूंना मोठी झाडं, चौथीकडे तळं, तळ्यापलीकडे घरं. सतरंज्या अंथरल्या तर हजार-बाराशे माणसं बसतील. साडेपाचला पोहोचलो ते बरं झालं. सहाच्या सुमारास साळुंक्या झाडांवर उतरायला लागल्या आणि मग एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. शेवटी खुणांनी अंतर मोजलं. अंधार पडला तशा सगळ्या एकदम गप्प. कामाची पहिली नोंद तीच: साडेसहाच्या आत काही सुरू करायचं नाही. साळुंक्यांपुढे कोणाचं चालत नाही.

तारीख २० नोव्हेंबर, गुरुवार. दर्ग्यात कव्वालीचा मानाचा दिवस जुमेरात, म्हणजे गुरुवारची संध्याकाळ. शनिवारी गर्दी दुप्पट होईल, असं समितीतल्या दोघांनी तीनतीनदा सांगून पाहिलं. मी गुरुवार सोडला नाही.

वहीच्या पहिल्या पानावर तीन शब्द लिहून ठेवलेत: जमान, मकान, इख्वान. बगदादचे सूफी जुनैद (मृत्यू ९१०) यांच्या नावावर सांगितली जाणारी ही समाची अट आहे. समा म्हणजे भक्तिसंगीत ऐकण्याची बैठक. त्यासाठी वेळ योग्य हवी, जागा योग्य हवी, सोबत ऐकणारी माणसं योग्य हवीत. गाणारा चांगला हवा, असं चौथं कलम त्यात नाही. म्हणजे अकराशे वर्षांपूर्वीच सगळी जबाबदारी आयोजकावर ढकलून ठेवलेली आहे.

४ ऑक्टोबर

खाँसाहेबांशी, म्हणजे मुख्य कव्वालांशी, फोनवर अर्धा तास. पार्टी नऊ जणांची. पुढे ते आणि त्यांचे धाकटे भाऊ, दोघांपुढे पेट्या. मागे तबला, ढोलक आणि आवाज व टाळी देणारे पाच. माइक कुठले, राहायचं कुठे, हे सगळं त्यांनी दोन मिनिटांत उरकलं. मंचाच्या उंचीवर मात्र अडले. आपल्याकडे नेहमी असतो तसा चार फुटी, असं मी म्हणालो.

"चार फुट? मियाँ, हमें कव्वाली पढ़नी है, तक़रीर नहीं करनी."

तक़रीर म्हणजे भाषण. कव्वाल मंडळी 'गाणं' म्हणत नाहीत, 'पढना' म्हणतात, हे माहीत होतं. उंचीचं कारण त्यांनी समजावलं तेव्हा कळलं. कव्वालीत कुठली ओळ किती वेळा घ्यायची हे घरून ठरवून आणलेलं नसतं. कव्वाल समोरच्यांकडे बघत असतो. एखाद्या ओळीला कोणाची मान हलली, कोणाचे डोळे भरले, की ती ओळ पुन्हा, परत पुन्हा. याला तकरार म्हणतात. त्याच ओळीच्या आशयाला जुळणारा दुसऱ्या कवीचा शेर मध्ये गुंफला की झाली गिरह. शेर संपला की पुन्हा मूळ ओळीवर. कीर्तनकार निरूपण करताना दुसऱ्या संताच्या अभंगाचं प्रमाण देतो आणि ध्रुपदावर परततो, चाल तीच. फरक एवढाच की कीर्तनकार उभा असतो, त्याला शेवटची रांगही दिसते. कव्वाल मांडी घालून बसतो. त्याला चार फूट वर चढवला तर ऐकणाऱ्यांच्या टाळूंशिवाय काही दिसणार नाही.

मंच दीड फूट. ठरलं.

५ ऑक्टोबर

वेळेचा तक्ता. सूर्यास्त सहाच्या आसपास आणि लगेच मगरिबची अजान. साडेसहापर्यंत साळुंक्या. सुरुवात पावणेसातला. सव्वासात ते साडेसातच्या दरम्यान इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजाची, अजान होईल, तेवढा वेळ सगळं थांबवायचं. रात्री १० ला ध्वनिक्षेपक बंद म्हणजे बंद.

शेवटाकडून मोजत आलो. चिश्ती या सूफी परंपरेत महफिल संपते ती कवी अमीर खुसरोच्या नावावर असलेल्या 'आज रंग है' या रंगाने, म्हणजे समारोपाच्या पदाने, आणि तो घाईत उरकता येत नाही. त्याला वीस मिनिटं. म्हणजे ९:३५ ला रंग सुरू व्हायलाच हवा.

मध्यंतर नाही. एकाने आर्जवाने विचारलं, निदान दहा मिनिटं? नाही. दोन तासांत जे चढवत आणलेलं असतं ते दहा मिनिटांत जमिनीवर येतं आणि कव्वालांना पुन्हा तळापासून चढवत न्यावं लागतं. भाषणं मिळून चार मिनिटं. सत्कार शेवटी, वेळ उरला तर.

१२ ऑक्टोबर

ध्वनिक्षेपकाच्या लेखी परवानगीसाठी अर्ज दिला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि नियमांच्या लेखी दिवस रात्री १० पर्यंत चालतो. जागेच्या हद्दीवरचा आवाज त्या मर्यादेपेक्षा १० ने जास्त किंवा ७५, यांपैकी जो आकडा कमी तो पाळायचा. आमच्यासाठी ६५. आकडा वहीत लाल शाईने.

१९ ऑक्टोबर

माहितीपत्रक. वाटलं होतं त्याच्या तिप्पट वेळ गेला.

आधी पडद्यावर शब्द आणि अर्थ दाखवण्याची कल्पना होती. मी ती मोडून काढली. पडदा लावला की बाराशे माणसं वर बघतात आणि कव्वालाला पुन्हा फक्त हनुवट्या दिसतात. म्हणून एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, आत येतानाच हातात द्यायचा.

एका बाजूला क्रम. सुरुवात कौलाने, 'मन कुंतो मौला'. अरबी 'कौल' म्हणजे वचन, आणि त्यावरूनच कव्वाल, कव्वाली. हे प्रेषितांचं वचन: मी ज्याचा मौला, अलीही त्याचा मौला. त्याला गाण्यात आणलं ते अमीर खुसरोने (१२५३–१३२५), असं परंपरा मानते. पुढे ईश्वराची स्तुती ती हम्द, प्रेषितांची ती नात, सूफी अवलियांची ती मनकबत. मग काफी, म्हणजे पंजाबी सूफी पद, आणि गझल. शेवटी रंग, ज्यात मुलगी आईला सांगते की आज रंग आहे, मला माझा पीर भेटला. 'अवघा रंग एक झाला, रंगी रंगला श्रीरंग' कानावर असलेल्या माणसाला याहून जास्त समजावायची गरज नाही, असं म्हणून पुढचा परिच्छेद मी खोडला.

दुसऱ्या बाजूला ही परंपरा आपल्याकडची कशी, ते. खुसरोचे गुरू दिल्लीचे निजामुद्दीन औलिया, तेही १३२५ मध्येच गेले. त्यांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब दख्खनेत आले. त्यांना समाची अतोनात ओढ. ते १३३७ मध्ये वारले, त्यांचा दर्गा खुलताबादला आहे. म्हणजे समा आपल्या मातीत उतरली त्याला जवळपास सातशे वर्षं होत आली. तरीही परवाच्या बैठकीत 'हे उत्तरेकडचं आपल्याकडे चालेल का' असं विचारणारा निघालाच.

एका सहकारी ताईंनी सुचवलं की श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा अभंग कव्वालांकडून म्हणवून घेऊ. सूफी परंपरेतला माणूस, मराठीत लिहिणारा, मला कल्पना मनापासून आवडली. खाँसाहेबांना विचारलं. म्हणाले, बोल आठ दिवसांत पाठ होतील, पण जे मुरलेलं नाही ते महफिलीत पढणार नाही. बरोबरच आहे. एकोप्याचा देखावा म्हणून चिकटवलेला अभंग शेख महंमदांनाही रुचला नसता. पत्रकात त्यांच्यावर चार ओळी घातल्या.

२ नोव्हेंबर

ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याने माइकांची यादी दिली. चौदा. नऊ माणसांना चौदा! उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की स्पीकरने शिट्टी मारण्याआधी मिळणारी पातळी तीन डेसिबलने खाली येते. तासभर घासाघीस करून नऊवर आणले: पुढच्या दोन गळ्यांना दोन, पेट्यांना दोन, तबल्याला एक, ढोलकला एक, मागच्या ओळीला तीन. दोनेक डेसिबल पदरात पडले.

त्याच्या मूळ यादीत टाळीसाठी काहीच नव्हतं. टाळी म्हणजे त्याच्या हिशेबी प्रेक्षकांचा गोंगाट. कव्वालीत टाळी हे वाद्य आहे, ठेका त्यावर उभा असतो. ती गेली तर उरते पेटीवरची गझल. मागच्या ओळीच्या तीन माइकांतले दोन आता संवेदनशील कंडेन्सर आहेत, गुडघ्याच्या उंचीवर, तळव्यांकडे तोंड करून. तळ्यावरून वारा येतो म्हणून दोन्हींना केसाळ टोप्या आणि शंभर हर्ट्झखालचा आवाज कापलेला.

८ नोव्हेंबर

आवाजाची चाचणी, रेकॉर्ड लावून. मंचाच्या दोन बाजूंना दोन मोठे स्पीकरचे थर.

दुपारी ४ वाजता आमच्यातला एक मुलगा तळ्यापलीकडे जाऊन उभा राहिला. फोनवर म्हणाला, पुसटसं काहीतरी. आम्ही खूश. रात्री सव्वानऊला तोच मुलगा, तीच जागा, यंत्रावरची एकही कळ हललेली नाही. "दादा, शब्द न् शब्द कळतोय इथे."

दिवसा जमीन तापलेली असते, खालची हवा गरम आणि वरची थंड. गरम हवेत आवाज जास्त वेगाने जातो, त्यामुळे त्याची वाट वरच्या दिशेने वळते आणि दूरच्या माणसापर्यंत तो पोहोचत नाही. सूर्य मावळला की जमीन आणि तिच्यालगतची हवा आधी थंड होते, वर मात्र ऊब राहते. वाट उलटी वळते, वर निघालेला आवाज वाकून खाली येतो. मध्ये शांत पाणी असलं तर त्याला अडवायलाही काही नाही. दुपारच्या चाचणीवर विसंबलो असतो तर कार्यक्रमाच्या रात्री पलीकडची घरं आमची निमंत्रण नसलेली श्रोती झाली असती. वर हद्दीवर मीटर ६८ दाखवत होता, तो वेगळाच.

हे मला आधी सुचायला हवं होतं. शेतावर राहिलेल्या कोणालाही माहीत असतं की रात्री लांबच्या गावातलं भजन घरात ऐकू येतं.

९ नोव्हेंबर

मोठे थर परत पाठवले. भाड्यावरून थोडी कुरकुर झाली, मिटली.

नवी मांडणी: मंचाशी दोन लहान स्पीकर, १२ मीटरवर एक जोडी, २४ मीटरवर आणखी एक. सगळे खाली झुकवलेले, सगळे हळू. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की पातळी सहा डेसिबलने पडते. लांबून ओरडण्यापेक्षा जवळ जाऊन बोललेलं बरं.

मधल्या जोड्यांना आवाज उशिरा सोडावा लागतो, नाहीतर मागच्या माणसाला एकच शब्द दोनदा ऐकू येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १२ मीटरला ३५ मिलिसेकंद आणि २४ ला ७०. त्यावर वरकड १२ मिलिसेकंद. एवढा उशीर केला की कान फसतो. आवाज शेजारच्या खांबावरून येत असला तरी मंचावरूनच आल्यासारखा वाटतो.

रात्री पुन्हा चाचणी. हद्दीवर ६२. पलीकडून मुलगा म्हणाला, लक्ष देऊन ऐकलं तर ऐकू येतं. शेवटच्या ओळीत मी स्वतः बसून पाहिलं. कोणीतरी समोर बसून गातंय असं वाटलं.

१४ नोव्हेंबर

पुढे सोफे ठेवण्याची मागणी. नकार. पुन्हा मागणी, वरून फोन. तोडगा: वयस्कर आणि गुडघेदुखीवाल्यांना खुर्च्या, पण दोन्ही कडांना. समोर फक्त सतरंज्या.

१९ नोव्हेंबर

पार्टी दुपारी आली. संध्याकाळी तालीम. आजची नोंद मोठी आहे, कारण आज जवळपास सगळंच चुकलं.

आधी प्रकाश. आमचा प्रकाशयोजना करणारा मित्र नाटकातला, हुशार. मागून अंबर, बाजूने निळा, मंच उजळलेला आणि मैदान मिट्ट काळं. फोटो अप्रतिम येत होते. खाँसाहेब बसले, आलाप घेतला, कौलाच्या दोन ओळी घेतल्या आणि पेटीचा भाता मिटला.

"सामने तो कुआँ है, मियाँ. आवाज़ जा रही है, लौटती नहीं."

दीड महिन्यापूर्वी मंच दीड फुटावर आणला तो त्यांना चेहरे दिसावेत म्हणून, आणि मग दिवे मालवून ते चेहरेच पुसून टाकले. उंचीचं कलम मी पाळलं, त्यामागचं कारण विसरलो. मित्राला राग आला, साहजिक आहे. प्रेक्षकांवर उजेड टाकायचा म्हणजे त्याच्या धंद्यात गुन्हाच. दहा मिनिटं तो तळ्याकाठी जाऊन उभा राहिला, मग आला आणि त्याने स्वतःच उपाय काढला. सतरंज्यांवरून तारा ओढून पिवळे मंद दिवे, मंचावरचा उजेड निम्मा, निळा रंग रद्द. पहिल्या दहा-बारा ओळींत माणूस ओळखू येईल एवढा उजेड. पांढरा झगझगीत दिवा फक्त एक, लांब झाडामागे, किड्यांना बोलावून घेण्यासाठी. किडे खरंच तिकडे गेले.

मग दव. साडेआठला ढोलक उतरायला लागली. कातडं ओल पितं, सैल होतं, सूर खाली येतो. पेटीची पत्ती धातूची, ती जागची हलत नाही. दोघांत फट पडली. ढोलकवाले बुजुर्ग दोरीच्या कड्या सरकवून चढवत होते, पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. तबलजी हातोडी घेऊन गट्ट्यांशी झगडत होता. मंचावर वरती काहीच नव्हतं. मोकळं आकाश दिसावं हा हट्ट माझा.

निरभ्र रात्री उघड्यावरची वस्तू आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकते, हवेपेक्षाही गार होते आणि तिच्यावर दव धरतं. मध्ये साधं कापड आलं तरी हे थांबतं. रात्री अकराला मांडववाल्याला उठवलं. आकाश श्रोत्यांना मिळेल, कव्वालांना कापड.

तिसरं, माणसांचं. स्वयंसेवकांना सांगितलं की कोणाला हाल, म्हणजे भान हरपण्याची अवस्था, आला, कोणी रडू लागलं, डोलू लागलं, उभं राहिलं, तर धरायचं नाही, बाहेर न्यायचं नाही, पाणी घेऊन धावायचं नाही. जागा करून द्यायची. आणि ज्या ओळीवर हे घडलं ती कव्वाल सोडणार नाहीत, तेव्हा माझ्याकडे बघून खुणा करू नका. एका मुलीने विचारलं, असं खरंच होतं? कुतबुद्दीन बख्तियार काकींची गोष्ट सांगितली. १२३५ साली दिल्लीत एका फारसी शेरावर त्यांची शुद्ध हरपली, तोच शेर गाइला जात राहिला आणि त्याच अवस्थेत काही दिवसांनी ते गेले. मुलगी म्हणाली, मग आपल्याकडे डॉक्टर आहेत ना? आहेत. प्रश्न रास्त होता.

नजराण्याचंही खाँसाहेबांनीच मार्गी लावलं. नोटा उधळणं नको. रीत अशी की श्रोता नजराणा आधी मीर-ए-महफिलच्या, म्हणजे बैठकीच्या मुख्याच्या हाती देतो आणि तो पुढे कव्वालांकडे जातो. पहिल्या ओळीत एका वयोवृद्ध गुरुजींना तो मान द्यायचा ठरलं. ते लाजले, पण हो म्हणाले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी ३: कापड चढलं. तबला-ढोलक गवसणीत, गरम दिव्याजवळ.

५:५०: साळुंक्या. ६:२५ ला गप्प.

६:४५: ठरल्या वेळी सुरुवात. आधी नुसती पेटी आणि ढोलक, मग कौल. टाळी पहिल्याच आवर्तनात शेवटपर्यंत पोहोचली. मी मागे उभा होतो, यंत्रावरचा मुलगा माझ्याकडे बघून हसला.

७:१८: अजान. कव्वाल थांबले, चार मिनिटं शांतता. अर्ध्या लोकांनी मोबाइल काढले. सगळंच मनासारखं होत नाही.

८:००: नात संपून मनकबत. ढोलकचा सूर जागेवर. गर्दी अंदाजापेक्षा कमी, आठशेच्या आत. शनिवारवाल्यांनी मला ते दोनदा दाखवून दिलं.

८:५२: बुल्लेशाहची (१६८०–१७५७) काफी चालू. आठव्या ओळीत तिशीतला एक माणूस, ऑफिसची बॅग मांडीवर, बहुधा कामावरून थेट आलेला. एका ओळीवर त्याचं डोकं बॅगेवर टेकलं आणि खांदे हलू लागले. आधी मला दिसलंच नाही. खाँसाहेबांना दिसलं, कारण ती ओळ त्यांनी सोडली नाही. भावाने गिरह लावली, परत ओळ. फारसी शेर, परत ओळ. मग शेरही थांबले, पेट्या हळू झाल्या, नुसती टाळी आणि ती ओळ. एक स्वयंसेवक पाण्याची बाटली घेऊन निघालाच होता, कालच्या त्याच मुलीने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

९:०५ झाले. ९:१०. तक्त्याप्रमाणे गझल सुरू व्हायला हवी होती. खिशात टॉर्च होता, वेळ झाली की दोनदा लुकलुकवायचा असं ठरलेलं. हात खिशात गेला आणि तसाच राहिला. आता आजूबाजूच्या ओळी पण त्याच्याबरोबर डोलत होत्या, तो एकटा उरला नव्हता. ९:१४ ला त्याने मान वर केली, चेहरा पुसला आणि खाँसाहेबांकडे बघून हात कपाळाला नेला. तेव्हा कुठे काफी पुढे सरकली. एका ओळीवर बावीस मिनिटं.

९:३१: काफी संपली. मी टॉर्च दोनदा लुकलुकवला. खाँसाहेबांनी मान हलवली, गझल पूर्ण गाळली, ढोलकला ठेका मोडू न देता तिथूनच रंग उचलला. लोक उभे राहिले. गुरुजीही उठले, कोणी सांगावं लागलं नाही.

९:५३: समाप्त. सत्काराला सात मिनिटं उरली होती. समितीने माझ्याकडे पाहिलं, मी ध्वनिव्यवस्थेकडे हात केला आणि मुख्य कळ बंद. हारांची टोपली विंगेत तशीच. यावरून उद्या बोलणी खावी लागणार.

हद्दीवरचा सर्वांत मोठा आकडा ६४.

२१ नोव्हेंबर

बोलणी खाल्ली.

मैदान दुपारपर्यंत मोकळं. सतरंज्या १८ कमी भरल्या, मग झाडामागे घड्या सापडल्या. माइकची एक केसाळ टोपी गायब, खारींवर संशय. नजराण्याचं पाकीट गुरुजींच्या हातून रात्रीच खाँसाहेबांकडे पोहोचलं होतं. त्यांनी ते पार्टीत सारखं वाटलं, असं ढोलकवाल्यांकडून कळलं.

निघताना खाँसाहेबांना गाळलेल्या गझलेबद्दल विचारलं. म्हणाले, ती तुमच्या कागदावर होती.

२३ नोव्हेंबर

राहिलेली कामं: मांडववाल्याचे रात्रपाळीचे जादा पैसे. तळ्यापलीकडच्या घरांना आभाराचं पत्र. चाचणीच्या रात्रीबद्दल दिलगिरीही त्यातच. पिवळ्या दिव्यांच्या तारा परत. ढोलकची एक गवसणी मंचाखाली सापडली, ती धुऊन, वाळवून पार्सलने पाठवायची आहे.